इको थोडा वाढवा

परवा रविवारी एका कराओके ग्रुपचा कार्यक्रम होता. हॉल लग्नाचा, वेळ साडेपाचची, यादीत चौतीस गाणी. गाणारे चौतीस. ऐकणारे? तेही चौतीस. तेच.

हिशेब चोख आहे. तेहेतीस गाणी सोसायची, त्याबदल्यात एक ऐकवायचं. इतका रोखठोक व्यवहार आता मंडईतही राहिलेला नाही.

फक्त वसुली आधी झाली की देणेकरी पळतो. आपलं गाणं आटोपलं की माणसाला अचानक शेवटची बस आठवते. चौतिसावा उभा राहिला तेव्हा हॉलमध्ये साउंडवाला होता, पंखे होते आणि चौतिसाव्याची बायको होती. ती तरी का होती? स्कूटरची किल्ली त्याच्या खिशात होती.

तुम्हाला वाटेल, हा गृहस्थ वरच्या पायरीवर उभा राहून हसतोय.

मी एकविसावा होतो.

हे खूळ मूळचं जपानचं. कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा वादक बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. एका कंपनीच्या मालकाला परगावी जाऊन मंडळींसमोर गायचं होतं आणि साथीला हाच हवा होता. इनोउएला जाणं जमेना. त्यानं साथ टेपवर भरून दिली. मालक खूश झाला, आणि १९७१ मध्ये इनोउएनं त्याचं यंत्रच बनवलं. म्हणजे कराओकेचा जन्मच मुळी गाणाऱ्याबरोबर जावं लागू नये म्हणून झालेला आहे.

त्यानं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे पैसे दुसऱ्यांनी कमावले. २००४ मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे नोबेलचं विडंबन करणारं पारितोषिक, मिळालं. शांततेचं. कारण काय दिलं? माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवण्याचा नवा मार्ग त्यानं शोधला म्हणून. ही समिती आमच्या हॉलमध्ये येऊन गेली असावी.

कराओके म्हणजे रिकामा ऑर्केस्ट्रा. वाद्यं आहेत, वादक नाहीत. इथंच हौशी गायकाची पहिली फसगत होते. जिवंत पेटीवाला सांभाळून घेतो. तुम्ही अंतरा दोन मात्रा आधी उचललात तर तबलेवाला हसत हसत तुम्हाला गाठतो, आणि श्रोत्यांना वाटतं, काय खुबीनं उचललं! ट्रॅक कुणाला गाठत नाही. ‘हात दाखवा, बस थांबवा’ ही एसटीची योजना होती, ट्रॅकची नव्हे.

तर ट्रॅक पुढे जातो, गायक मागून धावतो, आणि दोघांची भेट होते टाळ्यांमध्ये.

मग दोष कुणाचा? साउंडवाल्याचा. कायम साउंडवाल्याचा. गाणं संपलं की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘मॉनिटरच ऐकू येत नव्हता हो.’ आणि गाणं सुरू होण्याआधीचं वाक्यही ठरलेलं: ‘इको थोडा वाढवा.’

इको म्हणजे हौशी गायकाची मेकअपपेटी. बाथरूममध्ये आपण सगळे बरे का गातो? तिथल्या टाइल्स आवाज परत फेकतात, एका सुरावर त्याचंच शेपूट पडतं आणि मधल्या भेगा बुजतात. इको तेच करतो. फरक इतकाच की बाथरूमला आतून कडी असते.

आता पट्टी. या विषयावर भल्याभल्यांची मैत्री तुटली आहे.

आमच्या ग्रुपमधल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांना सुचवलं की, साहेब, गाणं काळी दोनमध्ये आहे, पांढरी एकला आणा. मोबाइलमध्ये तीन वेळा बटण दाबायचं, ट्रॅक तीन सुरांनी खाली येतो. ते असे बघायला लागले जणू मी त्यांची पेन्शन कमी करायला सांगितली. ‘मी ओरिजिनल स्केललाच म्हणतो,’ म्हणाले. म्हणाले खरे. वरच्या पट्टीतली ओळ आली तेव्हा डोळे मिटले, मान वर गेली, कपाळावरची शीर ताठ झाली. सूर तेवढा खालीच राहिला.

मूळ पट्टी ही त्या मूळ गळ्याच्या मापाची असते. दुसऱ्याचे बूट घालून कुणी मॅरेथॉन पळतं का? रफींचं गाणं मात्र रफींच्याच पट्टीत. खाली उतरलं तर अब्रू जाते म्हणे. आणि वर चढून फाटलं तर?

स्वरतंतू म्हणजे गळ्यातल्या दोन छोट्या, पातळ घड्या. पुरुषानं काळी एकचा सा लावला की त्या सेकंदाला सुमारे १३९ वेळा एकमेकांवर आपटतात. वरचा सा लावला की दुप्पट. एवढ्या टाळ्या आपल्या हॉलमध्ये अख्ख्या संध्याकाळी पडत नाहीत. तेव्हा त्यांच्यावर जोर काढताना जरा विचार करावा की नाही?

विचार करतात, पण खडीसाखरेचा. ज्येष्ठमधाचा. लवंगेचा. प्रत्येक गायकाच्या शबनममध्ये एक डबी असते, आणि ती माइककडे जाताना तोंडात रिकामी होते. आता साधी गोष्ट बघा. गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते. स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. लवंग त्यांच्यापर्यंत पोचली तर गाणं सुधारत नाही, ठसका लागतो.

पाण्याचंही तेच. पाणी प्यावं, भरपूर प्यावं, पण सकाळपासून. स्टेजच्या पायरीवर उभं राहून अर्धी बाटली रिचवल्यानं सूर लागत नाही. फार तर दुसऱ्या कडव्यात स्वच्छतागृह आठवतं. आणि ते खाकरणं! गाण्याआधी तीनदा जोरात खाकरतात, म्हणजे ज्या घड्यांवर आता भार टाकायचाय त्यांनाच आधी आपटून घ्यायचं. वाफ घ्या, ती निदान तिथवर पोचते. पण वाफेची डबी मिळत नाही ना.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये अकरा किशोरकुमार होते.

सात रफी, तीन मुकेश. महिलांमध्ये सगळ्याच लता, एक धाडसी आशा. स्वतःच्या आवाजात गाणारा एकही नाही. एरवी खणखणीत बोलणारे आमचे वकील मित्र मुकेश लागला की नाकात बोळा घातल्यासारखे होतात. घरी फोनवर मात्र ‘कोण बोलतंय?’ असं दमदार विचारतात. मी म्हणतो, त्याच आवाजात गा ना. ‘मग ते मुकेशसारखं कसं वाटेल?’

बरोबर. आणि आता कुणासारखं वाटतंय?

खुद्द किशोरकुमार सुरुवातीला सैगलांची नक्कल करत. स्वतःच्या आवाजात गा, असं त्यांना सचिनदेव बर्मन यांनी सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. आमच्या अकरा जणांना अजून असे सचिनदेव भेटलेले नाहीत. भेटले तर त्यांना ग्रुपमधून काढतील, ‘निगेटिव्ह बोलतात’ म्हणून.

नक्कल वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेला एक मुलगा होता. शिवपुत्र कोमकली. ग्रामोफोनच्या रेकॉर्डवरचे मोठमोठे गवई तो पोरवयात हुबेहूब गाऊन दाखवायचा. आजच्या भाषेत कव्हर आर्टिस्ट, आणि तोही तुफान व्हायरल. लोक तिकीट काढून ऐकायचे. मग तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे आला आणि शिकायला बसला. हे देवधर म्हणजे आवाज कसा लावावा, कसा जपावा याचा ध्यास घेतलेला माणूस. पुढे त्या मुलाचं काय झालं ते सांगायला नको. त्याला आपण कुमार गंधर्व म्हणतो.

रेकॉर्डपर्यंत आपण सगळेच पोचतो. देवधरांकडे जायची तेवढी टाळाटाळ.

आणि हो, दम पुरत नाही म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. क्षयानं कुमारांचं एक फुफ्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद ठेवावं लागलं, आणि नंतर ते गायले ते उरलेल्यावर. आपली दोन्ही शाबूत आहेत, आणि मुखड्याच्या तिसऱ्या शब्दाला आपण धापा टाकतो.

श्वासाच्या या ताकदीलाच जुने लोक दमसास म्हणायचे. हा शब्द आता फक्त कार्यक्रमाच्या निवेदनात उरलाय.

मीही गेलो शिकायला. त्या ‘एकविसाव्या’ गाण्याच्या चार महिने आधीची गोष्ट. पेठेतल्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बाई शिकवतात. वय सत्तरीच्या पुढे, चष्मा दोरीला. मी मोबाइल काढला, ट्रॅक तयार होता. बाई म्हणाल्या, ‘ते ठेवा आत. सा लावा.’

लावला.

‘अहो, सांगितलं सा. तुम्ही लावलात जाहीर सभा.’

पहिला महिना सा. दुसरा महिनाही सा, पण आता खालचे सूर बरोबर. याला खर्ज म्हणतात. सकाळी उठून हळू आवाजात खालचे सूर लांब धरायचे. हे ऐकायला कुणी येत नाही, याचा फोटो काढता येत नाही, स्टेटसला ठेवता येत नाही. त्यामुळे हे कुणी करतही नाही.

मग बाईंनी गाऊन दाखवा म्हटलं. दोन ओळी गायलो. त्यांनी गाण्यावर एक अक्षर काढलं नाही. म्हणाल्या, ‘खांदे खाली.’ श्वास घेताना माझे खांदे कानाला लागत होते. बहुतेकांचे लागतात. छाती फुगवली की आपल्याला वाटतं टाकी भरली. श्वास पोटाशी, बरगड्यांच्या बाजूंना पसरायला हवा. त्यांनी मला चक्क सतरंजीवर आडवं केलं आणि पोटावर जाडजूड पंचांग ठेवलं. श्वास घेतला की पंचांग वर, सोडला की खाली. पंचांग माझ्या काही उपयोगी पडलं ते आयुष्यात एवढंच.

त्याहून महत्त्वाचं पुढे होतं. दम संपतो तो कमी भरल्यामुळे नव्हे, उधळल्यामुळे. पहिल्या दोन शब्दांवरच सगळी हवा खर्च होते, आणि ओळीच्या शेवटी सूर खाली घसरतो, महिनाअखेरीला खिसा घसरतो तसा. उपाय? दातांतून बारीक ‘स्स्स’ करत श्वास सोडायचा आणि मनात आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी माझी मजल अकरापर्यंत गेली. कुकरची शिट्टी माझ्यापेक्षा लांब चालते.

दोन महिन्यांनी सव्वीस. बायकोनं विचारलं, गळती कुठं आहे?

पुढची इयत्ता आणखी अपमानास्पद. पेल्यात दोन बोटं पाणी घ्यायचं, त्यात शीतपेयाची नळी बुडवायची आणि नळीतून ‘ऊऽऽ’ म्हणत खालून वर, वरून खाली सूर फिरवायचा. पाण्यात बुडबुडे. हा कसला गावठी उपाय, असं मला वाटलं. नंतर कळलं की इंगो टिट्झ नावाच्या अमेरिकेतल्या आवाजाच्या अभ्यासकानं नळीचा हा व्यायाम जगभर लोकप्रिय केलाय. तोंडाशी वाट अरुंद झाली की हवेचा दाब उलटा येतो आणि स्वरतंतू एकमेकांवर आपटण्याऐवजी अलगद टेकतात. अमेरिकेतून आला म्हटल्यावर मीही मनापासून बुडबुडे काढू लागलो. आपण असेच.

ओठ फडफडवत ‘भुर्रर्र’ करायचा व्यायामही याच जातीचा. लहान मुलं गाडी गाडी खेळताना करतात तो. पन्नाशी उलटलेला माणूस गॅलरीत उभा राहून तो करतो तेव्हा खाली वॉचमन वर बघतो आणि गाडी शोधतो.

आता गाणं कधी? तिसऱ्या महिन्यात. तेही बाईंच्या अटीवर: शब्द काढून टाका. अख्खं गाणं नुसत्या ‘आ’वर म्हणा. म्हणून बघा एकदा. जिथं जिथं आपण शब्दांच्या आडोशाला लपतो ती सगळी ठिकाणं उघडी पडतात. मग उलटं. चाल काढून नुसते शब्द बोला, अर्थ कळेल असे. मग कळतं की आपण ‘आठवण’ हा शब्द आयुष्यभर ‘आठ’ आणि ‘वण’ असा गात आलोय, मध्ये श्वास. श्रोत्याला वाटतं जखमेच्या खुणा मोजतोय.

आणि अडतं ते चार सेकंदांत. गाणं पाच मिनिटांचं असलं तरी अडणारी जागा तेवढीच. एखादी हरकत, एखादी मींड, वरच्या गंधारावरची एक उडी. आपण काय करतो? अख्खं गाणं पंचवीस वेळा म्हणतो, म्हणजे ती चूक पंचवीस वेळा घोटून पक्की करतो. बाई म्हणाल्या, ‘ती चार सेकंदं तेवढी पंचवीस वेळा म्हणा. निम्म्या लयीत. बाकीचं तुम्हाला येतं, तेवढं कौतुक पुरे.’

हिंदी गाणं असेल तर आणखी एक शिक्षा. नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका. आपल्या मराठी जिभेला ‘ज’ दोन प्रकारचे येतात, फक्त चुकीच्या जागी. लता मंगेशकर नव्या होत्या तेव्हा लोकल गाडीत त्यांची दिलीपकुमारांशी ओळख झाली. मराठी माणसांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो, अशा अर्थाचं ते काहीतरी बोलून गेले. त्या चिडल्या असतील, पण घरी जाऊन त्यांनी काय केलं? उर्दू शिकवायला मौलवी लावले. आमच्या ग्रुपमध्ये कुणाचा उच्चार दुरुस्त केला तर काय होतं? ‘भावना पोचल्याशी मतलब,’ म्हणतात.

पोचली. वासासकट.

पण खरी शिक्षा शेवटी असते. बाईंनी मोबाइल समोर ठेवला, साधा व्हॉइस रेकॉर्डर लावला. ट्रॅक नाही, माइक नाही, इको नाही. नुसता तानपुरा आणि मी. मग ऐकवलं.

हा कोण?

आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून आतून तो भरदार वाटतो. बाहेर जगाला जो ऐकू येतो तो वेगळा, जरा पातळ. हे शास्त्र समजून घेतलं तरी दुःख कमी होत नाही. त्या दोन मिनिटांत मला पाच जागी सूर उतरलेला ऐकू आला, दोन ठिकाणी चढलेला, आणि माझे श्वास तर गाण्यापेक्षा स्पष्ट होते. पन्नास वर्षं हा आवाज लोक ऐकत होते आणि कुणी काही बोललं नाही? संस्कृती म्हणतात ती हीच.

ग्रुपवर मात्र कुणी गाणं टाकलं की पाच सेकंदांत ‘क्या बात है!’ येतं. गाणं चार मिनिटांचं आहे. हा माणूस ऐकतो कधी?

आता तर ऐकायचीही गरज उरली नाही. अँडी हिल्डेब्रँड नावाचा माणूस जमिनीखाली तेल कुठं आहे ते ध्वनिलहरींवरून शोधायच्या गणितात मुरलेला होता. तेच डोकं त्यानं गळ्याकडे वळवलं आणि १९९७ मध्ये ऑटो-ट्यून बाजारात आलं. चुकलेला सूर उचलून जागेवर बसवायचा. आज ती सोय खिशातल्या अ‍ॅपमध्ये आहे. जमिनीतलं तेल निदान असतं तरी.

आमचे एक स्नेही त्या अ‍ॅपवर गाऊन शहाण्णव गुण मिळवतात. परवा वाढदिवसाला घरी आग्रह झाला, गायले. वीज गेली होती, मोबाइल चार्ज नव्हता. शहाण्णव पैकी किती गुण त्यांचे आणि किती अ‍ॅपचे, ते केकभोवतीच्या सगळ्यांना कळलं. टाळ्या मात्र पडल्या. केक कापायचा होता.

पूर्वी याच प्रकाराला आपण नाकं मुरडायचो. कॅसेट घरी आणायची, लावायची, आणि मग कव्हरवर बारीक अक्षरांत दिसायचं, गायक दुसराच आहे. ‘फसलो,’ म्हणायचो. आता त्याच गोष्टीला कव्हर म्हणतात, आणि अक्षर मोठं असतं.

असो. त्या रविवारी माझं काय झालं, हे तुम्ही विचारणारच.

पट्टी दोन सुरांनी उतरवली होती. इको बंद करायला सांगितला. साउंडवाल्यानं मला दोनदा विचारलं, ‘नक्की?’ बारा वर्षांत असं कुणी सांगितलं नव्हतं म्हणाला. माइक तोंडात न घालता चार बोटं लांब धरला. खांदे खाली. अंतऱ्याची ती चार सेकंदं नीट गेली, एवढं मला कळलं. पुढच्याच ओळीला शब्द विसरलो.

खाली उतरलो. बाविसावा म्हणाला, ‘आज आवाज जरा कोरडा वाटला हो. इको कमी होता का?’

पुढचा कार्यक्रम गणपतीनंतर आहे. माझा नंबर नववा लागलाय. आठवं गाणं झालं की उठू नका. आणि शेवटचा गाणारा तोच आहे, किल्लीवाला. जमलं तर त्याच्यासाठीही थांबा.